निवळ पाण्याचा संशय

दत्तूतात्या कुणाच्याही घरी पाणी लगेच पीत नसत. तांब्या उजेडाकडे कलता करून आत बघायचे, वास घ्यायचे, थेंबभर पाणी जिभेवर ठेवायचे. मग समोरच्याकडे असे रोखून बघायचे, की देणाऱ्यालाच आपण काही कालवलंय की काय असं वाटावं. आई वैतागून म्हणायची, तात्यांना पाणी देण्यापेक्षा कोर्टात साक्ष दिलेली बरी.

हे आमचे शेजारी. विदर्भातल्या कोळसाखाणीत उमेदीची वर्षं काढून कवठे महांकाळजवळच्या आमच्या वस्तीवर परतलेले. खाणीतून उपसलेलं पाणी आंबट असतं. तळ्यात चुना कालवून त्याचा आंबटपणा मारायचा आणि मगच ते ओढ्याला सोडायचं, हे त्यांचं तिथलं काम. "गढूळ पाणी बिचारं सांगून टाकतंय. निवळ पाणी लय लबाड," असं ते येताजाता बजावायचे.

दुष्काळात वस्तीच्या नव्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा सगळे हरखले. तात्या मात्र कपारीतून झिरपणारा, खाणीतल्या आंबट पाण्यासारखा तांबूस ओघळ बघत उभे राहिले. दोन दिवसांत त्या पाण्यात डाळ शिजेना, जीभ चरचरू लागली. विहिरीच्या वाट्यावरून वस्तीतल्याच भीमाकाकांचं बाकीच्यांशी वाजलेलं होतं, त्यामुळे संशय थेट त्यांच्यावर गेला. माणसं काठ्या घेऊन त्यांच्या दारात गेली. माझे वडीलही त्यांत होते.

तात्या मधे येऊन उभे राहिले. "भीमाला हात लावू नगा. परवा पहाटं पोतंभर चुना मीच टाकलाय."

कुणाला खरं वाटेना. तो ओघळ नुसत्या तांबड्या मुरमाचा होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तात्या तिथंच खाली बसले आणि खाणीतली गोष्ट पहिल्यांदाच बोलले. एकदा पाणी निवळ दिसलं म्हणून त्यांनी ते चुना न घालताच सोडलं होतं, आणि ओढ्याकाठची गुरं दगावली होती.

"मला कुणी इचारलं न्हाई, आन् मीबी सांगितलं न्हाई," ते म्हणाले.

भर दुष्काळात ती विहीर उपसून पाणी ओतून द्यावं लागलं. वस्तीनं तात्यांशी बोलणं टाकलं. मलाही त्यांचा फार राग यायचा. भीमाकाका तेवढे रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागले.

काही वर्षांनी तात्या अंथरुणाला खिळले. शेवटच्या दिवशी भीमाकाकांनी त्याच विहिरीचं पाणी आणलं. तात्यांना मान उचलवेना, तरी नजर तांब्यात गेलीच.

"आदी तू पी," ते म्हणाले.

भीमाकाकांनी तोंड लावून अर्धा तांब्या रिकामा केला आणि उरलेलं उष्टं पाणी तात्यांच्या ओठांशी धरलं. तात्यांनी ते डोळे मिटून संपवलं.