सुभेदारांची मॉझर आणि माझी थ्री नॉट थ्री

कोरेगावात आमच्या आळीला न्हाव्याच्या दुकानापुढं पेन्शनर फौजी बसायचे. तिथं नियम एकच, ज्यानं बंदूक चालवली त्यानंच बंदुकीवर बोलायचं. मी गावातल्या माणसांच्या नकला करत फिरणारा, पण कॉलेजच्या कॅडेट कॅम्पात थ्री नॉट थ्री रायफलीच्या चार गोळ्या झाडलेल्या, म्हणून बोललो, "आपली थ्री नॉट थ्रीच भारी. बोल्ट कसा लोण्यागत सरकतो."

जर्मनांशी लढून आलेले सुभेदार हसले. "त्यांच्या मॉझर बंदुकीचा नेम बघितलास का रं? गावाच्या नकला करणाऱ्यानं गप बसावं."

"आवं, मॉझरात गोळ्या पाच, आमच्यात धा. घ्या तुमची काठी बंदूक म्हणून, बघू."

सुभेदारांनी खरंच काठी खांद्याला लावली. मी न्हाव्याचा झाडू उचलला आन् तोंडानंच बोल्ट ओढाय लागलो, खटक-खट, ठो. दोघांचे पाच-पाच बार झाल्यावर त्यांचा हात नव्या गोळ्यांसाठी खिशाकडं गेला. मी सहावा बार काढला. "सुभेदार, तुमी मेला."

"लेका, तू माझ्या पहिल्याच गोळीला मेलास. मेलेल्यानं बोलायचं न्हाई."

"व्हय का? मग ऐका," म्हणलं, आन् उरलेल्या चार गोळ्याबी तोंडानं झाडल्या.