हर्षदा भरती सांगायची

हर्षदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीत, आमच्या ओट्यापाशी भेंडी चिरत होते. मला रडू आलं नाही. उरलेली भेंडी चिरली, फोडणीला टाकली, आणि मग गॅस बंद करून तशीच उभी राहिले... रडू आलं ते काही आठवड्यांनी, तिच्या बाबांचा फोन आला तेव्हा. "सुजाता, पोर बोलाची थांबली गो," एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मला नेमकं कळलं.

टेंभी नाक्याजवळच्या एका संगणक-वर्गात आम्ही दोघी शिकवायचो. मी हिशेबाचं सॉफ्टवेअर, ती लिनक्स ही संगणकप्रणाली. मला जे काही लिनक्स येतं ते तिच्याकडून, तेही शिव्या खात खात. ती ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. माझ्या डब्यात डोकावून म्हणायची, "ह्यात पोहणारं काहीच नाय का गं?" आमच्याकडे जेवायला यायची असली की उशीर ठरलेला. आईला फोन करायची, "काकू, थांबू नका हं. तुम्ही जेवून घ्या, माझं झाकून ठेवा." आई चिडायची. पाहुणीला सोडून कसं जेवायचं? हर्षदा हसायची. म्हणायची, आमच्यात असंच असतं. होडीवर गेलेला माणूस पाण्याच्या मर्जीने परततो. घर त्याच्यासाठी उपाशी बसत नाही, आणि त्याचं ताटही उचलत नाही. पुढे पुढे आईलाही ते पटलं असावं, कारण झाकलेल्या ताटात तिच्यासाठी एक पुरणपोळी नेहमी जास्त असायची.

हर्षदाची आई लवकर गेलेली. घरी बाप-लेक दोघंच. बाबांचे गुडघे गेले, होडी सुटली, पण संध्याकाळ झाली की उद्याच्या भरती-ओहोटीची चौकशी काही सुटली नाही. हर्षदाला वर्गातून घरी पोचायला उशीर व्हायचा, म्हणून तिने घरातल्या जुन्या संगणकाच्या पोटात आणखी एक संगणक वसवला. त्याला वेगळं खोकं नाही, वेगळी वायर नाही, सगळा कारभार आतल्या आत. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. त्यात लिनक्स घातलं आणि एकेक शब्द स्वतःच्या आवाजात भरून ठेवला. दिवेलागणीला स्पीकरमधून हर्षदा भरती सांगू लागली. बाबांना तिथीवरून सगळं तोंडपाठ होतं, तरी ते समोर बसून ऐकायचे आणि "जरा चुकलीस गो" म्हणायचे. ती गेल्यावरही मशीन बोलत राहिलं. भेटायला आलेली माणसं दचकायची. बाबा मात्र तो आवाज झाला की मगच जेवायला उठत. मग एका दुपारी वीज गेली, आली, आणि मशीन परत उठलंच नाही.

मी निघाले. शीळफाट्याला बस अडकून पडली आणि मला त्याचं बरंच वाटलं. आवाजाची दुसरी प्रत कुठेच नव्हती. फाइल बिघडल्या असतील तर बाबांची मुलगी पुन्हा एकदा जाणार होती, आणि या वेळी ती बातमी मला द्यायची होती.

घरात शिरले तेव्हा खाडी भरत होती आणि पाण्याचा उजेड छतावर हलत होता. मशीन सुरू केलं. काळ्या पडद्यावर अक्षरं भराभर उतरली आणि एका ओळीवर थबकली. लाल ठिपके डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे... अंगणात कुणी येरझारा घालाव्यात तसे. बाबा आणि मी किती वेळ नुसते बघत बसलो. शेवटी मशीनने हात टेकले आणि पासवर्ड मागितला. तो हर्षदाबरोबर गेलेला. "हात लावायच्या आधी प्रत काढ," हा तिचा वर्गातला धाक अजून अंगात होता. प्रत काढली, आणि सुरुवातीच्या मेनूत तिनेच शिकवलेले दोन शब्द वाढवून मागच्या दाराने आत गेले. आवाजाच्या फाइल जागच्या जागी होत्या, धडधाकट. माझा जीव भांड्यात पडला.

मग अडलं कुठे? उठताना कोणकोणत्या डिस्क जोडायच्या, ते लिहिलेलं असतं ती फाइल उघडली. त्यात एक ओळ होती हर्षदाच्या छोट्या डिस्कची, ती पर्समध्ये घेऊन फिरायची तिची. वर्गातच ताप चढून ती कोसळली, त्या धावपळीत पर्स कुठे राहिली ते आजवर कळलेलं नाही. मशीन चालू होतं तोवर डिस्कवाचून त्याचं काही अडलं नव्हतं. नव्याने उठताना मात्र त्याने सगळ्यांना हाक मारली, आणि एक आली नाही.

"काय झालंय गो?" बाबांनी विचारलं.

"हर्षदाच्या डिस्कची वाट बघतंय, बाबा. ती आल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं सांगून ठेवलंय त्याला. मी ती ओळ पुसते."

"नको पुसू."

मी वैतागले. "मग ते उठणार नाही, बाबा!"

बाबा छतावरच्या उजेडाकडे बघत राहिले. "आमी कदी कोनाचं ताट उचललं नाय," ते म्हणाले. "झाकून ठेवतो."

माझे हात कीबोर्डवरच राहिले. कारण तशी सोय लिनक्समध्ये आहे. ओळ तशीच ठेवायची आणि तिच्यात एक शब्द घालायचा, नोफेल. डिस्क आली तर जोडून घे, नाही आली तर पुढे चल. मी तो शब्द घातला. अक्षरं सरसर उतरली, हर्षदाच्या ओळीपाशी ठिपके थोडे रेंगाळले, आणि मशीन उठलं.

दिवेलागणीला ती बोलली. शब्द वेगवेगळ्या दिवशी भरलेले, त्यामुळे "उद्या" हसतमुख आणि "भरती"ला चक्क सर्दी झालेली. बाबा नेहमीसारखे चूक काढतील असं मला वाटलं, पण ते स्पीकरजवळ सरकून बसले. वेळा सांगून झाल्या. शेवटी एक सलग वाक्य आलं, जे या घरात मी कधी ऐकलं नव्हतं, कारण मी यायची ती नेहमी हर्षदाबरोबरच. "बाबा, मला उशीर होईल. तुम्ही जेवून घ्या, माझं झाकून ठेवा."

"बरं गो," बाबा स्पीकरला म्हणाले आणि ताटं घ्यायला उठले.