पुढला गुरुवार

मोठ्या बाई शिबिराला निघाल्या की आम्ही देव पाण्यात ठेवायचो. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. एका शिबिरातून त्या योगासनं शिकून आल्या, तर आम्ही सगळ्या शिक्षिका साड्या सावरत महिनाभर प्रार्थनेच्या आधी एका पायावर उभ्या. नव्वदच्या दशकातल्या एका डिसेंबरात त्या परत आल्या त्या 'दप्तराविना आठवडा' घेऊन. सहा दिवस मुलांनी दप्तर आणायचं नाही, वर्गात बसायचं नाही, बाहेर पडून जग बघायचं. ऐकायला काय गोड! शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग सगळ्या माना हळूच माझ्याकडे वळल्या.

कारण मी पर्मनंट नव्हते. पर्मनंट नसलेल्या बाईला शाळेत काय किंमत असते ते जिनं भोगलंय तिलाच विचारा. गॅदरिंगचा नाच बसवायचा? त्या करतील. जनगणनेचे फॉर्म? त्यांना द्या. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन नेरुळात आलेली. नवरा वाशीच्या बाजारात कांद्याच्या गाळ्यावर लिहायला. शाळेत माझी नेमणूक दोन वर्षांची, तात्पुरती, आणि ती त्या एप्रिलात संपणार होती. मोठ्या बाईंनी शिफारस केली आणि संस्थेच्या अध्यक्षांनी मनावर घेतलं तर कायम, नाहीतर घरी बसा. तेव्हा नाही म्हणायची सोय मला नव्हती. मी म्हटलं, "करते की बाई."

सोमवारी पोस्ट ऑफिस, मंगळवारी भाजीबाजार, बुधवारी बिनविस्तवाचा स्वयंपाक, गुरुवारी खाडी, शुक्रवारी साफसफाई, शनिवारी या सगळ्याचं प्रदर्शन. वेळापत्रक मी केलं. त्यातला गुरुवार खास, कारण त्या दिवशी खुद्द अध्यक्ष येणार होते. नेरुळला लागूनच असलेल्या सारसोळे गावाच्या जेट्टीवरून मुलांसोबत होडीत बसणार, फोटो काढून घेणार.

"अध्यक्षांना होडीत बसवून आणा नीट," मोठ्या बाई मला म्हणाल्या. "खूश झाले की तिथल्या तिथे तुमचा विषय काढते. वेळ तेवढी तुम्ही ठरवा."

अध्यक्षांची गुरुवारची पूजा दहापर्यंत चालते असं शिपाई म्हणाला. म्हणून मी ठरवलं, अकरा. शिपायालाच सारसोळ्यात धाडलं, होड्यांचं बघून ये म्हणून. तो गेला, रस्त्यात जो कुणी पहिला भेटला त्याला म्हणाला, आमची शाळा येणार आहे. तो म्हणाला, या की. झालं! आमची व्यवस्था पूर्ण.

पालकांसाठी सायक्लोस्टाईल केलेल्या चिठ्ठ्या वाटल्या. 'गुरुवार, सकाळी ११ वाजता, सारसोळे जेट्टी. माझ्या पाल्यास पाठवण्यास माझी हरकत नाही.' खाली सही. सातवीच्या माझ्या वर्गात बावन्न मुलं, आणि सोमवारी प्रार्थनेच्या आधी एकावन्न चिठ्ठ्या बिनबोभाट आल्या. बावन्नावी आणली सारसोळ्याच्या मुलीनं.

सारसोळ्याची ती एकटीच माझ्या वर्गात. तिच्या गावातली बाकीची पोरं गावच्या शाळेत जायची; हिच्या वडिलांनी हट्टानं हिला आमच्याकडे घातलेलं. वडील खाडीत मासेमारी करायचे. मुलगी शांत, तेल लावून घट्ट दोन वेण्या, अक्षर मोत्यासारखं. तिनं चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि पाय न हलवता उभी राहिली. बघते तर 'गुरुवार' या शब्दाच्या आधी बॉलपेननं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'पुढला'. पुढला गुरुवार. खाली सही.

माझं डोकंच फिरलं. मोठ्या बाईंच्या परिपत्रकावर खाडाखोड? उद्या एकेक पालक उठून आपापल्या सोयीचा वार लिहील, मग शाळा चालवा तुम्हीच!

"हे काय गं? कुणी लिहिलं?"

"बापूस बोलला, या गुरुवारी..."

"बापूस काय बोलला ते नको मला. ही घे दुसरी चिठ्ठी. यावर नीट सही करून आण, खाडाखोड नको. चिठ्ठी नाही तर सहल नाही."

ती काहीतरी सांगायला तोंड उघडत होती. पण दारात पोस्टात जाण्यासाठी बावन्न पोरांची रांग लागलेली, त्यात दोघांची मारामारी सुरू. मी ती खाडाखोडीची चिठ्ठी पर्समध्ये कोंबली आणि रांगेकडे धावले.

पोस्टातली गंमत काय सांगावी. पोस्टमास्तर दारात हात पसरून उभे. बावन्न मुलं आत आली तर टपाल कोण वाटणार, म्हणाले. आम्ही बाहेरूनच लाल पेटीचं दर्शन घेतलं आणि परत आलो. मुलांनी निबंधात लिहिलं, 'पोस्ट ऑफिस बाहेरून छान आहे.'

मंगळवार मात्र झकास झाला, आणि तोच आज मला जास्त टोचतो. वेळापत्रकात आधी मी बाजारासाठी दहाची वेळ टाकली होती. नवरा जेवताना हसायलाच लागला. "दहाला येऊन काय बघणार, झाडलोट? बाजार सहाला बघायचा." म्हणून मुलांना पहाटे बोलावलं, आयांच्या शिव्या खाल्ल्या, पण पोरांनी खरा बाजार बघितला. माथाडी पाठीवर गोणी घेऊन "बाजू, बाजू!" करत निघालेले, त्यातले निम्मे आमच्या साताऱ्याकडचे. मी गावाचं नाव सांगताच एकानं पोरांना गाजरं वाटली. प्रत्येक जागेची आपली एक वेळ असते, हे मला त्या दिवशी चांगलं कळलेलं होतं. बाजार घरच्या माणसाचा, म्हणून मी विचारलं. खाडीवाल्यांना विचारायला हवं, हे डोक्यातही आलं नाही.

बुधवारी भेळ करताना तिघांचे डोळे तिखटानं सुजले. त्या धबडग्यात मुलीला विचारलं, "चिठ्ठी?" ती म्हणाली, "बापूस सही नाय करत. बोलला, मी एकदा लिवलंय."

"मग बस घरी," मी म्हटलं. अशी मी! सगळा वर्ग सारसोळ्याला नेत होते आणि सारसोळ्याच्या पोरीला म्हणत होते, घरी बस.

गुरुवारी अकराला आम्ही जेट्टीवर पोचलो. पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पार लांब, एक चकाकती रेघ. जेट्टीपासून त्या रेघेपर्यंत नुसता काळा चिखल, आणि त्यात होड्या कुशीवर कलंडून पडलेल्या. अध्यक्ष पांढरा सफारी, पांढरे बूट घालून गाडीतून उतरले. फोटोवाला सोबत.

"होडी कुठाय?" अध्यक्षांनी विचारलं.

एका मुलानं बोट दाखवलं, "ती काय, झोपलीये."

बावन्न पोरं, नाही, एकावन्न पोरं खो खो हसली. अध्यक्ष म्हणाले, हरकत नाही, होडीशेजारी उभं राहून फोटो घेऊ. आम्ही नको नको म्हणेपर्यंत ते जेट्टीच्या पायऱ्या उतरले आणि शेवटच्या पायरीवरून पुढे पाऊल टाकलं. पाऊल गेलं घोट्याच्या वर. ओढून काढलं तर मोजा बाहेर आला, बूट आतच. मी डोळे मिटून घेतले. मला दिसत होतं, त्या चिखलात बुटाच्या मागोमाग माझी नोकरी चाललीये.

बूट काढायला एक माणूस फळी टाकून चिखलात उतरला. ते त्या मुलीचे वडील. तीही तिथेच होती, वरच्या बाजूला आईशेजारी सुकट निवडत बसलेली. वर्गातली पोरं तिला हाका मारायला लागली, आणि ती मान वर करेना.

वडिलांनी बूट आणून दिला, हात पुसले आणि म्हणाले, "अष्टमीचा भांग हाय आज. पानी वर चढतच नाय. पुढल्या गुरुवारी पुनव, तवा याच टायमाला जेट्टीला पानी लागतंय. होडीत बसवून पार पलीकडं नेलं असतं पोरांना."

अष्टमी! सकाळीच मी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितली होती. चतुर्थी, एकादशी, प्रदोष, वर्षभराचे उपास मला तोंडपाठ. आणि भूगोल कोण शिकवायचं? मीच! अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीला भांगाची भरती, चंद्र-पृथ्वीची आकृती काढून, नावं देऊन, चार गुणांची टीप. चार वेळा वर्गाकडून घोकून घेतलेली. पण फळ्यावरची अष्टमी वेगळी, कॅलेंडरातली वेगळी आणि शाळेमागच्या खाडीतली वेगळी, असंच मी धरून चालले होते. कपाळ माझं!

मोठ्या बाईंचा चेहरा लालबुंद झालेला. त्या वडिलांवर घसरल्या. "तुम्हाला माहीत होतं ना? मग आधी सांगायचं नाही?"

"सांगितलं ना बाई. चिठ्ठीवर लिवलं, पोरीकडं दिली."

मोठ्या बाई सावकाश माझ्याकडे वळल्या. "तुमच्याकडे अशी चिठ्ठी आली होती?"

माझ्या काखेतल्या पर्समध्ये ती होती. नुसती चेन ओढायची होती. मी म्हणायला हवं होतं, हो बाई, आली, मी वाचलीच नाही धड. नजरेसमोर एप्रिल आला, आणि मी पर्स काखेत आणखी घट्ट दाबली. अध्यक्ष एका बुटावर उभे राहून ऐकत होते.

तेवढ्यात ती मुलगी सुकटीची पाटी सोडून उठली, जवळ आली आणि म्हणाली, "बाई, चिठ्ठी मी दिलीच नाय. माझ्या वहीत र्‍हायली."

तिच्या वडिलांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना पक्कं ठाऊक होतं. चिठ्ठी मला पोचली होती म्हणून तर मी दुसरी पाठवली होती. आता हे तोंड उघडणार, मी संपले, असं वाटलं. ते म्हणाले, "पोरगी बोलते तसंच असंल," आणि फळी उचलून निघून गेले.

मोठ्या बाईंनी त्या मुलीला सगळ्यांसमोर झाप झाप झापलं. बेजबाबदार काय, शाळेची अब्रू काय, अध्यक्षांचा अपमान काय. आणि मी उभी होते. मी ऐकत उभी होते! आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शुक्रवारी साफसफाईच्या वेळी तिला व्हरांड्याच्या कोपऱ्यात गाठलं. "का गं खोटं बोललीस?"

ती झाडू खाली ठेवून म्हणाली, "तुमी लई घाबरल्या होत्या, बाई."

मी तेव्हाही मोठ्या बाईंकडे गेले नाही. शनिवारचं प्रदर्शन होऊ दे, म्हटलं. मग नाताळची सुटी होऊ दे, मग चाचणीचे पेपर तपासून होऊ देत. अशी कारणं काढायला मला कधी कमी पडलं नाही. पुढल्या गुरुवारी, पौर्णिमेला, अकरा वाजता मी वर्गात व्याकरण शिकवत होते. खाडीला पाणी आलं असणार.

एक मेला निकाल. त्या सकाळी मोठ्या बाईंनी मला केबिनमध्ये बोलावून पाकीट दिलं. मी पर्मनंट झाले होते. अध्यक्षांनी म्हणे बाजाराच्या सहलीचं कौतुक केलं होतं. मी पाया पडले. उठता उठता त्या म्हणाल्या, "आणि हो, त्या सारसोळ्याच्या मुलीच्या प्रगतिपुस्तकात शेरा घालायचा राहिलाय. लिहा, जबाबदारीची जाणीव नाही."

एका हातात पाकीट होतं. दुसऱ्या हातानं मी लिहिलं. चांगल्या, वळणदार अक्षरात लिहिलं.

दुपारी पालक सह्या करायला आले. तिचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून आलेले, ती मागे उभी. त्यांनी प्रगतिपुस्तक उघडलं आणि अक्षरांखाली बोट फिरवत सावकाश वाचायला लागले. मराठी, गणित, भूगोल. भूगोलात ती वर्गात पहिली होती. मग बोट शेऱ्यावर आलं आणि तिथे थांबलं.

मी मनातल्या मनात म्हणत होते, खोडा. त्या चिठ्ठीवर खाडाखोड केलीत ना, तशीच इथेही करा, आडवी रेघ मारा, वर काय खरं ते मोठ्या अक्षरात लिहा. मोठ्या बाई बघू देत, सगळी शाळा बघू दे. मी एक शब्द बोलणार नाही. खोडा हो!

त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. मी दिलं. त्यांनी चौकट बघितली, तिच्या आत सही केली, एकही रेघ बाहेर जाऊ न देता, आणि पुस्तक माझ्याकडे फिरवून म्हणाले, "बगा बाई, नीट केलीय ना? खाडाखोड नाय."