मॅडम दिवा गावात पाणी भरायला आल्या

माझी मुलगी ठाण्याच्या कॉलेजात गोल्फ खेळते, हे मी दिवा गावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला सांगत नसे. सांगितलं की बायका आधी हसत आणि मग विचारत, म्हणजे नक्की करते काय? ते मला सांगता येत नसे. कॉलेजच्या मैदानात जाळी लावून मुलं त्यात बॉल मारतात आणि कधीतरी पहाटे बस त्यांना खऱ्या हिरवळीवर घेऊन जाते, एवढंच मला माहीत. तिचे वडील म्हणत, "आपल्याला प्यायला पाणी नाही, आणि ही बाई गवताला पाणी पाजणाऱ्यांचा खेळ खेळते."

तिला या खेळात आणलं तिच्या मॅडमनी. मॅडम डोंबिवलीच्या, साधारण माझ्याच वयाच्या. गोल्फच्या टीमच्या त्या कोच, पण त्यांचा सगळा जीव मुलांची शरीरं घडवण्यात. कॉलेजच्या कूलरवर पाण्याचा भरलेला जार हिने एकटीने चढवला, तो मॅडमनी पाहिला आणि तिथेच विचारलं, "बॉल मारून बघतेस का?" स्टिक कॉलेजची, बूट एका मोठ्या मुलीचे. असं सुरू झालं.

विद्यापीठाच्या संघाची निवड ज्यातून होते ती कॉलेजांची स्पर्धा जवळ आली आणि हिची कंबर धरली. घरी माझ्याकडून बाम चोळून घ्यायची आणि वर बजावायची, "मॅडमना कळता कामा नये." मॅडमना कळलंच. बॉल उचलायला वाकताना हिने गुडघ्यावर हात टेकला, तेवढ्यावरून. त्यांनी हिच्या हातातली स्टिक काढून घेतली.

ती रडतच घरी आली. "आई, तू ये ना. तू सांगितलंस तर ऐकतील."

चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तरी गेले. व्यायामाच्या खोलीत मॅडमनी मला खुर्ची दिली आणि समोर बसल्या. मी पदर सारखा करत राहिले. त्यांनी घड्याळ बघितलं नाही, की 'बोला' म्हणून घाई केली नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, "ताई, ही घरी काय काय उचलते?"

हे मला सांगता येण्यासारखं होतं. पाणी, म्हटलं. नळ खाली, घर वर, लिफ्ट नावालाच.

"मी येऊन बघू?"

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या. पण दुसऱ्याच पहाटे पाणी सुटायच्या वेळेला मॅडम ट्रॅक सूट घालून आमच्या नळावर हजर. रांगेतली शेजारीण माझ्या कानाशी लागली, "ही कोण गं? टँकरवाल्याची बाई का?"

मुलगी कळशी घेऊन जिना चढली. मॅडम मागून बघत होत्या. "नेहमी डाव्याच कमरेवर घेतेस?"

उत्तर शेजारणीने दिलं. "मग काय मॅडम, उजवा हात अडकवला तर दार कोण उघडणार?"

मॅडमनी माझ्या हातातली कळशी घेतली, डाव्या कमरेवर ठेवली आणि चढायला लागल्या. वर पोचेपर्यंत अर्ध्या भिजल्या.

"मॅडम, पाणी घरात न्यायचं असतं, अंगावर नाही," मागून चढत आलेली शेजारीण म्हणाली.

मॅडम हसल्या, खाली गेल्या आणि दुसरी कळशी उजव्या कमरेवर घेऊन परत चढल्या. मग खाली नळावर येऊन हिला सरळ उभं करून पाठीवरून हात फिरवला. मला म्हणाल्या, "ताई, तुम्हीही उभ्या राहा बघू. बघा, तुमचीही कंबर डावीकडे सरकलेली आहे. दोघींची उभं राहायची ढब एकच." तेवढ्यात सगळी रांग एकमेकींच्या कमरा बघायला लागली.

मॅडमनी मला नीट समजावून सांगितलं. लहानपणापासून एकाच कमरेवर ओझं, आणि गोल्फमध्येही पुन्हा पुन्हा एकाच अंगाने वळायचं. "जी ताकद बघून मी हिला घेतलं, तीच आता हिला वाकडं करतेय. पण पाणी बंद करू नका. दांडीचे दोन कॅन घ्या. दोन्ही हातांत सारखं वजन, आणि समोर बघून चढायचं." शिवाय झोपून करायचे काही व्यायाम दाखवले. मुलगी करायची, आणि घरी कुणी नसताना दार लावून मीही करायला लागले.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मुलीने मला पुन्हा कॉलेजात नेलं. मॅडमनी तिला एका पायावर उभं केलं. डाव्या पायावर ती नीट उभी राहिली. उजव्यावर डुलली.

खेळाचे सर दारातच होते. "मॅडम, पोरगी चांगली दिसतेय की. एक गोळी द्या, खेळेल. हिच्याशिवाय टीम काय घेऊन जायची?"

"गोळीने दुखणं थांबणार नाही सर, हिला कळायचं थांबेल. मी हिला नेणार नाही."

"आणि हरलो तर?"

"तर माझं नाव सांगा."

मुलगी माझ्याकडे बघत होती, आता तरी बोल म्हणून. मी बोलले नाही. या वेळी लाज आडवी आली नव्हती. मॅडमचं मला पटलं होतं.

वाटेत ती माझ्या पुढे पुढे चालत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी, बस सुटायच्या आधी, मॅडमनी तिला व्यायामाला बोलावलं होतं, तर जाणारच नाही म्हणून बसली. मीच तिला उठवून घेऊन गेले. गेटवर बस उभी, मुलं आत बसलेली, सर येरझारा घालत होते. आणि मॅडम खोलीत सतरंजीवर हिच्या शेजारी गुडघे टेकून बसल्या होत्या. हिने तोंड भिंतीकडे केलेलं.

"रागव माझ्यावर. पण पोट आत घे," मॅडम म्हणाल्या.

बाहेरून हॉर्न वाजला. "आले सर," म्हणत त्यांनी हिचा पाय धरून सरळ केला, परत एकदा करून घेतलं, आणि मगच बॅग उचलून धावत गेल्या.

बस गेल्याचा आवाज आला. मुलीने भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. म्हणाली, "आई, काल कूस बदलतानाही कळ आली. मी सांगितलंच नाही कुणाला."

"मॅडमना माहीत असणार," मी म्हटलं.

"माहीत होतंच त्यांना," ती म्हणाली, आणि राहिलेला व्यायाम करायला उताणी झाली.