यादीतला शेवटचा पाडा

पुढारी व्हायला लागणारा एकही गुण अंगात नसताना तीनदा आमदार झालेली बाई या पृथ्वीतलावर एकच असावी, आणि तिची भाषणं लिहून देण्याचं काम नेमकं माझ्या नशिबी आलं. मी अक्कलकुव्याच्या शाळेत मराठी शिकवायचो. ताई घरात डोंगरातली बोली बोलत, बाजारात अहिराणी आणि विधानसभेत मराठी. त्यातल्या तिसरीची जबाबदारी माझ्यावर. मी दोन-दोन दिवस खपून, अलंकारांनी मढवून भाषण तयार करायचो. ताई पहिल्या दोन ओळी वाचत, कागदाची घडी घालून कमरेला खोचत आणि समोरच्या बायांना विचारत, "तुमना गावले पानी येस का?" मग अर्धा तास नुसतं पाणीच. सभा संपल्यावर माझी समजूतही त्याच काढत. "गुरुजी, तुमनं भाषण एकदम भारी व्हतं. पन लोकेसले कसाले तरास द्यावा?"

ताईंना भूमिपूजनाला बोलवायला ठेकेदार घाबरायचे. पुढाऱ्यानं कुदळ हातात घ्यावी, फोटो काढू द्यावा आणि पेढा खावा, एवढीच जगाची अपेक्षा असते. ताई पदर खोचून खरोखर खणायला लागत. एकदा तर त्यांनी गुडघाभर खड्डा खणला आणि फोटोवाल्यालाच फावडं देऊन माती उपसायला लावली. घाम पुसत ठेकेदाराला म्हणाल्या, "हाऊ खड्डा असाच राहू दे. मुरूम किती टाकस, मी परत ईसन देखसू." आणि खरंच परत जात. त्यांच्या गाडीची कथा वेगळीच. मोलगीच्या बाजारातून निघताना वाटेतली प्रत्येक म्हातारी गाडीत घ्यायची, हा त्यांचा नियम. शेवटी ताई मागच्या बाकावर कोपऱ्यात आणि त्यांच्या संरक्षणासाठी दिलेल्या पोलिसाच्या मांडीवर कुणाच्या तरी दोन कोंबड्या, असा लवाजमा घाट उतरायचा. मुंबईला जाताना पिशवीत आमचूर असायचं. फायलीवर सही होईपर्यंत साहेबांसमोर बसून त्या डोंगरातल्या आंब्यांची हकिकत सांगत. तिथल्या एका साहेबांनी मला कळवळून विचारलं होतं, "गुरुजी, सही केली तर बाई उठतील ना?"

या सगळ्याला मी हसत आलो. एका गोष्टीला मात्र मला कधी हसता आलं नाही. दरवर्षी रस्त्यांच्या कामांची यादी पाठवायची असे. ताई नावं सांगत, मी लिहून घेई. त्यांचं माहेर म्हणजे डोंगरमाथ्यावरचा एक पाडा. डांबरी रस्ता जिथं संपतो तिथून दीड तासाची चढण. त्याचं नाव दरवर्षी यादीत अगदी शेवटी असायचं आणि दरवर्षी यादीचं शेपूट कापलं जायचं. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "पहिले दुसरासनं व्हऊ द्या. नहीते लोके म्हंतीन, बाईनी सोतानं घर भरं." त्यांचा धाकटा भाऊ दरवर्षी गावकऱ्यांना घेऊन यायचा. ताई सगळ्यांना पोटभर जेवू घालत आणि पुढच्या वर्षाचं सांगून परत पाठवत.

मग एका पावसाळ्यात त्यांची आई आजारी पडली. बांबूला चादर बांधून केलेल्या झोळीत घालून चार जणांनी तिला चिखलातून खाली आणलं. वाटेत एकाचा पाय घसरला, तेव्हा झोळीतून म्हातारी म्हणाली होती, "सांभाळून चला रे, माझी पोरगी आमदार आहे." तिच्या मनात टोमणा नव्हता, अभिमानच होता. म्हातारी वाचली, पण ते वाक्य भावाच्या काळजात घुसलं. त्या दिवसापासून तो ताईंशी बोलेनासा झाला. त्या वर्षी यादी करताना मी न विचारताच त्यांच्या पाड्याचं नाव सगळ्यांत वर लिहिलं. ताईंनी कागद वाचला. मग नाव खोडायला लावलं आणि तिथं दुसऱ्या एका पाड्याचं नाव घातलं. तिथं झोळीतून आणताना एक बाळंतीण वाटेतच गेली होती. मला त्यांचा राग आला होता, हे आज कबूल करतो.

पुढच्या निवडणुकीत ताई पडल्या. थोडक्यात पडल्या, आणि माहेरच्या मतदान केंद्रावर त्यांना जेमतेम मतं होती. निकाल ऐकून मी काही बोलणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "मन्हा गावनी बरोबर करं, गुरुजी." आमदारकी गेल्याचं दुःख त्यांना आठवडाभरही झालं नाही. पण वर, आपल्या घरी, आता कोणत्या तोंडानं जायचं, हे दुःख काही हलेना. वर्षभर त्या माहेरी गेल्या नाहीत. खाली बाजारात गावाकडचं कुणी दिसलं, तर लांबूनच बघत राहत.

परवा पाड्यावरची माणसं रस्त्यासाठी नव्या आमदारांकडे जाणार असं त्यांच्या कानावर आलं. त्यांनी मला अर्ज लिहायला बोलावलं. मी सवयीनं नावापुढं 'माजी आमदार' लिहिलं, ते त्यांनी खोडायला लावलं. "नुसतं नाव आनी पाडानं नाव लिखा." नव्या आमदारांकडे पोचलो तर भाऊ आणि पंधरा-वीस गावकरी रांगेत उभे. काहींनी मागं वळून पाहिलं आणि पुन्हा पुढं तोंड केलं. ताई रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. नवे आमदार भला माणूस. त्यांनी उठून खुर्ची पुढं केली. ताई बसल्या नाहीत, अर्ज तेवढा दिला. तो वाचून त्यांनी आदरानंच विचारलं, "ताई, एवढी वर्षं तुमच्याच हातात होतं. तेव्हा का नाही केलं?"

सगळे गावकरी ऐकत होते. ताईंनी खाली मान घातली. "तवय मी समदासनी आमदार व्हतू, भाऊ. आते मी फक्त मन्हा गावनी शे."

बाहेर पडल्यावर त्या माझ्याबरोबर बस स्थानकाकडे निघाल्या. आम्ही दहा पावलं गेलो असू, तोच मागून त्यांचा भाऊ आला. त्यानं त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि डोंगराकडे जाणाऱ्या जीपमध्ये ठेवली. मग डोंगरातल्या बोलीत एवढंच म्हणाला, की आई वाट बघते, आणि चढण आता तुला जड जाईल, तेव्हा मध्ये दोनदा बसू.