अध्यक्षांच्या फोनचा पत्ता

आमच्या मराठी मंडळाने बसवनगुडीतल्या कार्यालयात नवे फोन बसवले, तेव्हा त्यांच्यात एक खोड निघाली. चालू झाल्यावर प्रत्येक फोन आपल्या छोट्या पडद्यावर स्वतःचा पत्ता दाखवायचा. पत्ता म्हणजे टिंबांनी जोडलेले चार आकडे. पहिले तीन सगळ्यांचे सारखे, शेवटचा ज्याचा त्याचा. हे आकडे यंत्रणेने आपल्या मनाने वाटले होते, आणि यंत्रणेने मंडळाची घटना वाचलेली नसल्यामुळे चिटणिसांना बारा मिळाला नि अध्यक्षांना तेवीस.

अध्यक्षांनी चष्मा लावून दोन्ही पडदे पाहिले. "चिटणिसांच्या आणि माझ्या मध्ये हे दहा जण कोण आहेत?" त्यांनी विचारलं.

कार्यकारिणीत अशा प्रश्नाला हसायचं नसतं. उपाध्यक्ष तर मुळीच हसले नाहीत. ते कोरमंगल्यातल्या एका कंपनीत, माणसं सांभाळणाऱ्या माणसांना सांभाळतात. यंत्राला स्वतःचा हात शेवटचा कधी लावला, हे त्यांनाही आठवत नसावं. "पत्ता बदलता येतो, साहेब," ते म्हणाले. "पक्काच करून टाकू. तुम्हाला एक देऊ."

"एक कुणाचा आहे?" मी विचारलं. मी तिथे इतिवृत्त लिहायला असते, प्रश्न विचारायला नव्हे.

"रिकामाच असणार. कुठल्याच फोनवर दिसत नाही ना."

एवढ्या अभ्यासावर, रविवारी सकाळी, नव्या फोनच्या उद्घाटनाच्या जरा आधी, अध्यक्षांच्या फोनला एक नंबरचा पत्ता बहाल झाला.

मंडळाची बरीचशी कामं बंद पडली तरी कुणाला कळणार नाही. एकच तसं नाही. मुलं परदेशी असलेली आणि घरी एकटी राहणारी काही म्हातारी माणसं रोज सकाळी मंडळात फोन करून "मी आहे" एवढंच सांगतात. दहापर्यंत ज्यांचा फोन आला नाही, त्यांच्या घरी कुणीतरी जाऊन येतं. हे काम अक्का बघतात. त्यांचं घराणं इथे इतक्या पिढ्यांपासून आहे की पुण्याहून आलेली मी त्यांना अजून पाहुणीच वाटते. जुना फोन काढू नका, असं त्यांनी सांगून पाहिलं होतं. पण त्याचं उद्घाटन दुसऱ्यांदा करता आलं नसतं.

त्या सकाळी या खोलीतून त्या खोलीत फोन उत्तम लागत होते. चिटणिसांनी अध्यक्षांचं अभिनंदन केलं, अध्यक्षांनी उपाध्यक्षांचं, आणि उपाध्यक्षांनी, आवाज किती स्वच्छ येतो म्हणून, पुन्हा अध्यक्षांचं. अक्कांचा फोन तेवढा गप्प होता.

"ताई, स्वल्प इकडे या," अक्का मला त्यांच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाल्या. "दहा वाजून गेले. एकाचाही फोन नाही."

त्या स्वतःच्या मोबाइलवरून एकेकाला फोन करू लागल्या. मंडळाचा फोन लागत नाही म्हणून सगळे तक्रार करत होते, म्हणजे सगळे ठीक होते. फक्त वरच्या गल्लीतले अण्णा उचलत नव्हते. तिसऱ्या मजल्यावर राहतात, गेल्या महिन्यात न्हाणीघरात पडले होते. अक्कांनी त्यांच्या शेजारणीला लावलं, तिनेही उचललं नाही.

मी उपाध्यक्षांना गाठलं. "बाहेरचे फोन येत नाहीत."

"आतले चाललेत ना? मग आपल्याकडून सगळं ओके आहे. प्रॉब्लेम त्यांच्या बाजूला असणार."

"सगळ्यांच्याच?"

"भाषणानंतर बघू."

भाषणाचा विषय होता 'संपर्क'. ते रंगात असताना फोटोग्राफरने समईचं टेबल पुढे ओढलं आणि अध्यक्षांच्या फोनची वायर निघाली. लगेचच अक्कांचा फोन वाजू लागला. एक आजी "मी आहे" म्हणून पुढे काही सांगत होत्या, तोवर अध्यक्षांनी बोट दाखवलं, वायर पुन्हा लागली, आणि जरा वेळात आजी वाक्याच्या मध्येच गेल्या. उपाध्यक्षांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना कळलं आहे. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समईकडे पाहत होते.

अक्कांनी पिशवी उचलली. "मी अण्णांकडे चालले. इथे राहून काय करू?"

त्या दारापर्यंत पोहोचल्या तर दारात अण्णाच. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने रिक्षावाल्याचा दंड धरलेला. भाषण चालू आहे हे त्यांना दिसलं असावं, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

"मी आहे," ते मोठ्यांदा म्हणाले. "सकाळपासून सांगतोय. तुमच्यात कुणी आहे का?"

अक्कांनी पिशवी खाली ठेवली. "मोबाइल तरी घ्यायचा की हो, अण्णा."

"घरी आहे. घाईत राहिला. जिने उतरू की तो शोधू?"

एक हा पत्ता राउटरचा होता, हे उपाध्यक्षांनी जेवणाच्या पंगतीत हळूच कबूल केलं. राउटर म्हणजे कोपऱ्यातला तो डबा, ज्याच्यातून इमारतीतला प्रत्येक शब्द बाहेर जातो. तो फोन नसल्यामुळे फोनवर दिसत नव्हता. एकाच पत्त्यावर दोघे बसले आणि बाहेरचं दार बंद झालं. त्याला ते 'कॉम्पॅटिबिलिटी इश्यू' म्हणाले. मला वाटलं, आता तरी तेवीस परत येईल. पण अध्यक्षांना दिलेलं काढून घेणं शोभलं नसतं. म्हणून उपाध्यक्षांनी राउटरचाच पत्ता बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"मी आहे," अण्णा म्हणाले. "आणि तुमचे अध्यक्ष?"

"आहेत की, अण्णा. एकवरच आहेत."

"सरी, मग ठीक आहे," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.