पिनेची भोके

सहार विमानतळावर परदेशी चलनाचे रुपये करून देणाऱ्या खिडकीशेजारी माझे चौकशीचे टेबल होते. खिडकीतल्या गृहस्थांशी माझा परिचय नमस्कारापुरताच. कोऱ्या नोटांच्या गड्डीला मारलेली जाड पिन ते अंगठ्याच्या नखाने उपसत आणि तिलाच विनवत, ‘‘भायर ये गो बाय!’’

एका सकाळी तापाने फणफणलेले मूल कडेवर घेतलेल्या परदेशी बाईने त्या नोटा परत सारल्या. पिनेची भोके पाहून तिला त्या खोट्या वाटल्या. रुपयांवाचून इस्पितळाकडे टॅक्सी मिळणार नव्हती, आणि मुलाची मान कलंडू लागली होती.

खिडकीत स्वतःचे पैसे बाळगण्यास सक्त मनाई होती. त्यांचे साहेब तर पाठीमागेच उभे. तरीही गृहस्थांनी पँटच्या चोरखिशातून आपल्या नोटा काढून उजेडात धरल्या.

‘‘मॅडम, माय सॅलरी. सेम होल!’’

बाईने दोन्हीकडच्या नोटा निरखल्या, आपले रुपये उचलले आणि ती दाराकडे धावली.

‘‘अहो, हे काय चाललंय?’’ साहेब कडाडले.

‘‘मेमो टाइप करायला घ्या, साहेब,’’ मागे न वळता ते म्हणाले. ‘‘नेक्स्ट!’’